पाळण्यापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत: आयुष्याच्या टप्प्यांवरचा सलग अल्बम कसा बांधावा?

आढ्याची_कडी (मूळ प्रश्न)

एका बाईच्या आयुष्यावर कॉन्सेप्ट अल्बम बांधायचा आहे. पाळणा, खेळायचं वय, वयात येणं, प्रपंच, म्हातारपण. सुटी गाणी एकापुढे एक लावायची नाहीत. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच धागा कानाला लागला पाहिजे.

लांबी ४० मिनिटं ३० सेकंद ठरली आहे. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब धरला: एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना ८० वर्षं १० महिने, ढोबळ ८१. वर्षाला अर्धं मिनिट. माप पाळण्याच्या झोक्याचं घेतलं आहे. आढ्याला सव्वादोन मीटर दोरीने टांगलेली झोळी जाऊन परत यायला ३ सेकंद घेते. म्हणजे वर्षाला १० झोके आणि सगळ्या अल्बमला ८१०.

आता जिथे अडलं आहे ते. वर्षांप्रमाणे सरळ वाटणी केली तर २५ ते ६० हा प्रपंचच साडेसतरा मिनिटं खातो. रागांसाठी प्रहरांचा क्रम लावून पाहिला (पहाटेला भैरव, दुपारी सारंग, संध्याकाळी मारवा, शेवटी भैरवी), पण ती रागमाला वाटते, एका माणसाचं आयुष्य वाटत नाही. लय हृदयाच्या ठोक्यांवर बेतली होती: नवजात बाळाचे मिनिटाला १२० ते १६०, मोठ्या माणसाचे बसल्या जागी ६० ते १००. तशी लय उतरवत नेली तर अर्ध्यानंतर सगळं बसत जातं. शिवाय पाळण्याच्या या दोन ओळी दादऱ्यात (सहा मात्रांच्या तालात) घेताना दुसरी अडखळते, कारण कळत नाही:

दोरी हलते हलते
झोका आढ्याला लागेना

गळे चार आहेत: काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गाणारी बाई, काळी एकमध्ये गाणारा पुरुष, ९ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी.

उतरंड

आधी वेळेची वाटणी सोडवा, बाकीचं त्यावर उभं राहील.

वर्षं सारखी मोजू नका, दुपटीने मोजा. पाच वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आजवरच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा असतो, चाळिशीतल्या माणसाला चाळिसावा. म्हणून ५ ते १०, १० ते २०, २० ते ४० आणि ४० ते ८० हे चारही टप्पे आतून सारख्याच लांबीचे वाटतात. त्यांना सारखी वेळ द्या. शून्य ते पाच या वर्षांच्या आठवणी मोजक्याच उरतात, तो पाळणा तुमच्या अडीच मिनिटांतच राहू दे. ८१० पैकी ५० झोके पाळण्याला गेले की उरतात ७६०. प्रत्येक टप्प्याला १९०, म्हणजे साडेनऊ मिनिटं.

याचा खरा फायदा प्रपंचाला होतो. साडेसतरा मिनिटांचा मधला भाग ऐकणारा सहन करत नाही, आणि तिथे लिहिणाऱ्याचा हातही सैल सुटतो. साडेनऊ मिनिटांत लग्न, बिऱ्हाड, मूल, नोकरी हे सगळं बसवायचं म्हटलं की निवड करावीच लागते. शेवटच्या टप्प्यातले अखेरचे ५० झोके राखून ठेवा, तिथे पाळणा परत येऊ द्या. म्हातारपणाला मग १४० उरतात. तेवढे पुरतात.

हृदयाचे ठोके लयीला लावू नका. म्हातारपणी विश्रांतीतला ठोका फारसा उतरत नाही, कमी होते ती धावताना गाठता येणारी वरची मर्यादा. म्हणजे कल्पना शरीरशास्त्रातही बसत नाही आणि कानालाही सोसत नाही. हृदयाचा ठोका ध्वनी म्हणून वापरायचा असेल तर फक्त दोन टोकांना. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये तसंच आहे: सुरुवातीला आणि अखेरीला ठोका, आणि तो काढलाय ड्रमसंचातल्या मोठ्या ड्रमवर. तुमच्याकडे त्या जागी झोळीच्या कडीचा आवाज आहेच. तो पुरे.

कोमल_धैवत

रागांसाठी प्रहर सोडा आणि षड्जचालन घ्या, म्हणजे स्वर तेच ठेवून फक्त सा हलवा. पेटीच्या फक्त पाच काळ्या पट्ट्यांवर हा अल्बम उभा राहतो.

काळी तीनला सा धरून पाचही काळ्या वाजवा: भूप. स्वर तेच ठेवून सा काळी चारवर नेला की मध्यमाद सारंग. काळी पाचला मालकंस. काळी एकला दुर्गा. काळी दोनला धानी. पाच स्वर, पाच राग. माणूस तोच, पायाखालची जमीन तेवढी बदलते. तुम्हाला हवा असलेला धागा हाच आहे, आणि तो ऐकणाऱ्याला सांगावा लागणार नाही.

तुमच्या गळ्यांना हे बसतं का, ते पाहू.

पाळणा: भूप, काळी तीन. बाईंच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा एक पूर्ण स्वर खाली. अंगाई खालच्या आवाजातच गायची असते, तेव्हा ही सोय आहे. एक मात्र सांभाळा: न्यास, म्हणजे थांबायची जागा, गंधारावर ठेवा. धैवतावर जोर गेला की तेच स्वर देशकार होतात आणि बाळ निजायच्या ऐवजी उठून बसेल असं गाणं तयार होतं.

५ ते १०: धानी, काळी दोन. मुलीला मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य निषादापर्यंतच फिरवा. त्यावर नेलंत की पोरं घसा आवळून ओरडतात, आणि ते मिक्सिंगमध्ये दुरुस्त होत नाही.

१० ते २०: मध्यमाद सारंग, काळी चार. बाईंची स्वतःची पट्टी. तिथे मुलीचा गळा सुटतो आणि बाईंचा लागतो.

२० ते ४०: दुर्गा, काळी एक. इथे पुरुष येतो. एरवी युगुलगीतात पट्टीची ओढाताण होते, तुमच्याकडे ती होणारच नाही. तो काळी एकवरून दुर्गा गातो, ती काळी चारवरून आपला सारंगच गात राहते. स्वर तेच पाच. पं. जसराजांची जसरंगी जुगलबंदी याच तत्त्वावर उभी आहे. काळजी एवढीच की कान नेहमी खालच्या तंबोऱ्याचा सा धरतो. टप्प्याच्या पहिल्या अर्ध्यात तिचा तंबोरा थोडा वर ठेवा, मग हळूहळू त्याचा येऊ द्या. दुर्गेसाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावली तर ती काळी तीन होते, म्हणजे पाळण्याचा सा. संसार चालू असताना तळाशी पाळणा वाजत राहतो.

४० ते ८०: मालकंस, काळी पाच. वय झालं की बाईचा आवाज उतरतो, म्हणून आजींना मंद्र धैवत ते मध्य धैवत एवढ्याच पट्ट्यात ठेवा. तंबोरा अर्थातच मध्यमाचा.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. मालकंसातला कोमल धैवत म्हणजे काळी तीन. आजींनी मंद्रातल्या त्या धैवतावर थांबायचं, दोन झोके स्वर धरून ठेवायचा, आणि त्याखाली तंबोरा काळी पाचवरून काळी तीनवर न्यायचा. आजींनी काहीच बदललेलं नसतं. ज्या स्वरावर त्या एवढा वेळ कोमल धैवत म्हणून टेकल्या होत्या तोच सा होतो, आणि पाळणा सुरू होतो. हे घाईने करू नका. जुना तंबोरा पूर्ण मिटेपर्यंत नव्याचा पंचम वाजू देऊ नका, आधी फक्त जोड आणि खर्ज, म्हणजे सा च्या तारा.

आढ्याची_कडी

हे घेतलं. दोन शंका. पेटी प्रत्येक टप्प्यात आहे, ती चालेल का? आणि पाच पट्ट्यांसाठी तबले किती लागतील?

कोमल_धैवत

पेटी काढा. पेटी समान अंतरांवर लावलेली असते, तंबोरा तसा नसतो, आणि या योजनेत तंबोरे एकमेकांतून निघाले पाहिजेत.

काळी तीन १८५ हर्ट्झ धरा. तिच्या शुद्ध गंधारावर मालकंसाचा सा येतो: १८५ गुणिले ५/४, म्हणजे २३१.२५. पेटीची काळी पाच २३३.१ ला असते, १४ सेंट चढी (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पेटीवरून मालकंसाचा तंबोरा लावलात तर शेवटी आजींचा धैवत १८५ ऐवजी १८६.५ ला जाईल, आणि परत आलेला पाळणा पहिल्यापेक्षा चढा वाजेल. सगळ्या योजनेचा जीव त्याच क्षणात आहे, तिथे हे परवडणार नाही. बाकीचे सा असे: धानी ३०८.३, सारंग २०८.१, दुर्गा २७७.५ (पुरुषासाठी त्याच्या निम्मा, १३८.७५). इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं बारीक सुराचं बटण ट्यूनर समोर ठेवूनच फिरवा. साथीला सारंगी, व्हायोलिन, बासरी घ्या, म्हणजे सूर वाकवता येतो.

एका सांध्यावर हे जुळत नाही, आणि ते कोणत्याही लावणीने जुळणार नाही. धानीचा सा आणि सारंगाचा पंचम ही दोन्ही काळी दोनच. पण धानीकडून ती ३०८.३ येते आणि सारंगाच्या षड्जावरून मोजली तर ३१२.२. दोन्ही तंबोरे एकत्र वाजले की सेकंदाला जवळपास ४ डोल ऐकू येतात, सूर हलतो. हा सांधा नेमका वयाच्या दहाव्या वर्षाचा आहे. माझ्या मते तो लपवू नका. दोन झोके, म्हणजे ६ सेकंद, दोन्ही तंबोरे एकमेकांवर घासू द्या आणि मग धानीचा थांबवा. मूलपण आणि वयात येणं यांच्यामधली ती खोट आहे, तिथे ती शोभते. बाकीचे सांधे मात्र आरशासारखे स्वच्छ हवेत.

धिनगिन

तबला एकच पुरतो. त्याला काळी एक ते काळी दोन एवढ्यातच फिरवा. भूपाला पंचमात लावा (काळी एक), धानीला षड्जात (काळी दोन), सारंगाला मध्यमात (पुन्हा काळी एक), दुर्गेला षड्जात (काळी एक), मालकंसाला मध्यमात (काळी दोन). एका स्वराचा फरक गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) सरकवून सहज निघतो. फक्त वर सांगितलेले आकडे पाळा, ३०८.३ म्हणजे ३११ नव्हे. ध्वनिमुद्रणाचा क्रम अल्बमच्या क्रमाने ठेवू नका. काळी एकचे तीन टप्पे आधी संपवा आणि मग तबला चढवा, म्हणजे तबला वारंवार चढवत-उतरवत बसावं लागत नाही.

तालांसाठी झोका हेच आवर्तन धरा.

पाळण्याला दादरा, ६ मात्रा ३ सेकंदांत, मिनिटाला १२०. तीन मात्रांत झोका जातो, तीनमध्ये परत येतो, आणि ‘ना’ झोक्याच्या टोकाला पडतो. खेळायच्या वयाला केरवा, ८ मात्रा तेवढ्याच वेळात: १६०. वयात येताना रूपक: १४०. रूपकाची समच (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेवर, असते, पाय ठेवायला जावं आणि जमीन नसावी तसं, त्या वयाला याहून योग्य ताल सापडणार नाही. प्रपंचाला झपताल, पण आवर्तन दोन झोक्यांचं, म्हणजे १० मात्रा ६ सेकंदांत, लय १००. मालकंसाला पुन्हा दादरा, तोही दोन झोक्यांचा, लय ६०. शेवटी पाळणा परत येतो तेव्हा नवीन लय आणावी लागत नाही. आजींच्या दादऱ्याची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, हाच पहिला दादरा.

अशी लय चढते, उतरते, आणि झोका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हलत नाही. संगणकावर हे बसवताना टप्प्यागणिक लय आणि मात्रांची मांडणी दोन्ही बदला, फक्त लय बदलून भागत नाही. रेघा चुकीच्या जागी पडल्या की पुढचं सगळं संपादन समेवरून सरकतं.

यती

ओळींबद्दल. दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या आहेत, पण दादऱ्यात अक्षरं मोजून भागत नाही, मात्रा मोजाव्या लागतात. लघूला एक, गुरूला दोन.

‘दोरी हल’ म्हणजे २-२-१-१, सहा. ‘ते हलते’ म्हणजे २-१-१-२, पुन्हा सहा. दोन आवर्तनं काठोकाठ भरतात, म्हणून पहिली ओळ आपोआप झुलते. ‘झोका आढ्या’ मात्र २-२-२-२, आठ. ‘ला लागेना’ तेही आठ. सहाच्या भांड्यात आठ ओतले की दोन दीर्घ अक्षरं आखडावी लागतात, आणि मराठीत दीर्घ आखडलं की शब्द तुटतो. अडखळणं तिथलंच.

‘कडी करकर वाजे’ घेऊन पाहा. १-२-१-१ म्हणजे पाच, १-१-२-२ म्हणजे सहा. पहिल्या तुकड्यात एक मात्रा उरते ती ‘डी’वर लांबवा. कडीचा ओढलेला आवाज तिथेच येतो.

पुढे प्रत्येक टप्प्यात हीच ओळ ठेवायची असेल तर शब्द बदलू नका, दोरी कोणाच्या हातात आहे ते बदला.

मधे जात्यावरच्या ओव्या वापरणार असाल तर तालात कोंबू नका. ती ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, अक्षरसंख्या मोकळी असते आणि ओळ गाणारीच्या श्वासाप्रमाणे लांबते. खाली तंबोरा आणि जात्याची घरघर एवढंच ठेवा. ओव्यांचा मोठा साठा हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केला, लाखाच्या वर ओव्या आहेत, आणि त्यातल्या काही ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. ओवी परंपरेची असली तरी ते ध्वनिमुद्रण आणि त्यातला गळा परंपरेचा नसतो. तुकडा उचलायचा असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि गाणाऱ्या बाईचं नाव व गाव अल्बमवर छापा. संतांची रचना मोकळी असते. अलीकडच्या कवीची कविता कवीच्या निधनानंतर ६० वर्षं संरक्षित असते, ध्वनिमुद्रण प्रकाशनापासून ६० वर्षं.

जातं ध्वनिमुद्रित करताना त्यात धान्य हवंच. रिकामं फिरवलं तर दगडावर दगड घासतो आणि किरकिर येते, शिवाय जात्याची टाकी (दगडावर छिन्नीने पाडलेल्या खाचा) मोडते. खाली गोणपाट दुमडून ठेवा, नाहीतर फरशीच घुमते. माइक खुंट्याच्या विरुद्ध बाजूला वीतभर अंतरावर, ४० हर्ट्झच्या खालचं कापून.

भैरवी_शेवटी

षड्जचालनाची कल्पना पटली, तरी एक आक्षेप. मराठी कानाला भैरवी लागल्याशिवाय मैफल संपत नाही. भूपावर संपवलंत तर ऐकणारा पुढच्या गाण्याची वाट पाहत बसेल.

कोमल_धैवत

वाट पाहिली तर बरंच आहे. भैरवीसाठी काळ्यांच्या बाहेर जावं लागेल, चाळीस मिनिटं पाळलेली शिस्त शेवटच्या अडीच मिनिटांत मोडेल. आणि इथे मैफल संपत नाही, झोळीत दुसरं कोणीतरी आहे. शेवट कळण्यासाठी राग नको, आवाज कमी करा: आधी तबला थांबवा, मग तंबोऱ्याचा पंचम, मग आजी, आणि शेवटी एकटी कडी.

सपाट_रेघ

शेवटच्या टप्प्याचं, म्हणजे मास्टरिंगचं.

तंबोरा सलग आहे, त्यामुळे दोन फाइलींमधल्या सांध्यावर टचकन आवाज येण्याचा धोका सगळ्यात मोठा. एमपी३ बनवताना फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता आपोआप भरली जाते, म्हणून तपासणीसाठी एमपी३ वापरूच नका. वेव्ह किंवा फ्लॅक. सीडी काढणार असाल तर तिथली गाणी सेकंदाच्या ७५ व्या भागावरच तुटतात, एका भागात ५८८ नमुने. तुमचा झोका ३ सेकंदांचा असल्याने बरोबर २२५ भाग होतात. समेवर कापलंत की प्रत्येक काप आपोआप योग्य जागी पडतो.

साडेनऊ मिनिटांचे टप्पे ऐकण्याच्या ॲपवर प्रत्येकी दोन गाण्यांत तोडा. पाळणा धरून नऊ गाणी होतील. पहिल्या गाण्यात नुसती कडी १५ सेकंदांच्या पुढे नेऊ नका. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकलं असं मोजलं जात नाही, आणि तोवर गळा लागलेला हवा.

आवाजाची पातळी सबंध अल्बमची एकत्र मोजा, −१४ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास, खरं शिखर (ट्रू पीक) −१ डेसिबेलच्या खाली. गाणी एकेकटी −१४ ला ओढलीत तर पाळणा आणि प्रपंच एकाच उंचीवर येतील. पाळणा प्रपंचापेक्षा ५-६ ने खाली राहू द्या.

तबकडी काढायची असेल तर पाळणा, धानी, सारंग पहिल्या बाजूला, २१ मिनिटं ३० सेकंद. दुर्गा आणि मालकंस दुसऱ्या बाजूला, १९ मिनिटं. पहिली बाजू थोडी लांब आहे, तिची पातळी जराशी उतरवावी लागेल. सुईखालची गती कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर असते, आत लेबलाजवळ २१. त्यामुळे आतल्या भागात ‘स’, ‘श’ फाटतात. दुसऱ्या बाजूच्या आत आजींचा मंद्र आवाज येतो, त्याला त्रास नाही. पहिल्या बाजूच्या आत सारंगाचा उत्तरार्ध येतो. तिथल्या ओळींत सकार-शकार किती आहेत ते ‘यती’ यांच्याकडून आत्ताच तपासून घ्या, तबकडी कापल्यावर उपाय नाही.

आढ्याची_कडी

तपासलं. सारंगाच्या शेवटच्या कडव्यात चार ओळींत ११ सकार आहेत, ते कडवं पुन्हा लिहायला घेतलं आहे. धानी-सारंगाचा सांधा ६ आणि ३ सेकंद असा दोन्ही प्रकारे करून पाहिला. ३ सेकंदांत तो तंबोरा चुकीचा लागल्यासारखा वाटतो, ६ सेकंदांत मुद्दाम केलेला वाटतो. सहाच ठेवतो.